हॉलमधले दोन प्रेक्षक

३ फेब्रुवारी, सोमवार

परत तेच! कॉमेडीतला तो दाढीवाला साडी नेसून आला, घसरून पडला. हसण्याचा आवाज. उठला, परत पडला. परत हसण्याचा आवाज. हे मशीनचं हसू. आमच्या हॉलमध्ये एकही माणूस हसत नाही.

सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, कॉमेडी हवी; नवऱ्याला, हृतिकला, मारामारी. आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत! बोलायचं माझ्यामार्फत.

"अंकिता, त्याला बोल, आवाज कमी करू नको."

"अंकिता, त्यांना सांग, बिल्डिंगवाले तक्रार करतात."

मधे तीन हातांचं अंतर. दोघांनाही सगळं ऐकू येतं. तरी मी पोळी लाटायची सोडून बाहेर येते आणि निरोप पोचवते. बावळट आहे मी.

सासूबाई असत्या तर रिमोट पदरात घेऊन बसल्या असत्या. पण त्या गेल्यात उरणला, नणंदेच्या, रोशनीच्या बाळंतपणाला. जाताना म्हणाल्या, "दोघांना सांभाळ गो." सांभाळ म्हणे!

५ फेब्रुवारी, बुधवार

आज हृतिकचा दिवस. साउथचा डब केलेला पिक्चर. हिरोने स्टॉपच्या खांबासकट बस उचलली. बसमधल्या बायकांनी त्यातूनच त्याला ओवाळलं. हृतिक म्हणे, "लॉजिक नको शोधूस, एंजॉय कर." अरे, पण निदान बस खाली तर ठेवू दे त्याला!

बाबा अर्ध्यातून उठून गॅलरीत गेले. जाताना टीपॉयला पाय आपटला. "हा टीपॉय कोणी सरकवला?" कोणीच नव्हता सरकवला. पण तेही हृतिकच्या नावावर गेलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

मी कामाला जाते त्या क्लिनिकमध्ये आज डॉक्टर म्हणाल्या, "अंकिता, चेहरा का असा?" काय सांगू? घरात एका रनआऊटवरून युद्ध चालू आहे?

गेल्या महिन्यात आमच्या ओवे गावच्या गावकीची टेनिस क्रिकेटची टूर्नामेंट होती. फायनलला ठरलेला अंपायर आलाच नाही. दोन्ही टीमचं एकमत — तुळशीरामशेठ उभे राहूदे, वाद नाय. म्हणजे आमचे बाबा. आणि बॅटिंगला हृतिक. शेवटची ओव्हर, दुसऱ्या रनसाठी तो धावला, लांब उडी मारली. धूळच धूळ. बाबांनी बोट वर केलं. आऊट. मॅच गेली.

तिथवर ठीक होतं. पण बक्षिसाच्या वेळी हृतिकच्या हातात माइक आला. आणि तो सगळ्या गावासमोर म्हणाला, "आमचा अंपायर विकला गेला." यूट्यूबवर लाइव्ह! उरण, पेण, अलिबाग — सगळे पाहुणे बघत होते. नंतर लोकांनी तो व्हिडिओ हजारदा बघितला. त्यात रनआऊट दिसत नाही, नुसती धूळ. माइकवरचं मात्र स्वच्छ ऐकू येतं.

बाबांनी टोपी काढली, चपला घातल्या, घरी आले. आयुष्यभर ज्यांनी गावाचे वाद सोडवले, ते आता ओव्याला पाऊलही टाकत नाहीत. इथे खांदा कॉलनीत दिवसभर टीव्ही.

९ फेब्रुवारी, रविवार

मी म्हटलं, आज माझा पिक्चर! पुरस्कारवाला मराठी. शांत, सुंदर. एक म्हातारा ओट्यावर बसलेला. समोर नदी.

पाच मिनिटांनी बाबा — "काय चाललंय? कुणी बोलत का नाय?"

"विचार करतोय तो, बाबा."

"कवापासून?"

हृतिक फस्सकन हसला! मग आठवलं, आपण बोलत नाही, आणि तोंड फोनमध्ये घातलं.

पुढे तर माझीच मान दोनदा पडली. पण ते मी यांना कशाला सांगू?

११ फेब्रुवारी, मंगळवार

दाढीवाला परत पडला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बास. संप!

जेवताना बाबा म्हणाले, "अंकिता, त्याला बोल, मीठ दे." मीठ हृतिकच्या कोपराजवळ. मी ढिम्म. "आजपासून मी कुणाचं काही कुणाला सांगणार नाही. तोंडं आहेत ना दोघांना?"

बाबांनी आमटी तशीच अळणी खाल्ली. हृतिकने मान वर केली नाही. दोघं सारखे! एकाच मातीची दोन मडकी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी टीव्हीवरचं ॲप आपोआप लॉगआऊट झालं. कोड टाकायचा, आणि कोड येतो हृतिकच्या फोनवर. मी संपावर. बाबा बंद पडल्यासारख्या त्या स्क्रीनसमोर बसून राहिले. मागतील तर शपथ. मी कपडे घड्या करत सगळं बघत होते.

शेवटी हृतिकनेच हार मानली. पण बघितलं भिंतीकडे. "चार. सात. एक. नऊ."

बाबांनी रिमोट उचलला. स्क्रीनवर आकडे होते, त्यातले निवडून दाबायचे. चुकले. परत चुकले. तिसऱ्यांदा टीव्ही रागावल्यासारखा टुंग वाजला.

हृतिक उसळला. "एवढे मोठे आकडे! दिसत नाय काय तुमाला?"

"नाय."

एवढंच. नाय.

हृतिक हसणार होता बहुतेक. मग त्याने बाबांच्या तोंडाकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी बघितलं.

"कवापासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. दुधातून बघितल्यासारखं दिसतं."

मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी. दिवाळीच्या आधी! फायनल तर जानेवारीत!

हृतिकच्याही लक्षात आलं. "म्हणजे... त्या दिवशी..."

"धूळ दिसली. तू कुठं, स्टंप कुठं, मना काय समजलं नाय."

"मग बोट का वर केलं?"

"तू माजा पोर. नॉटआऊट दिलं असतं तर गाव बोललं असतं, पोरासाठी दिलं. न बघता द्यायचंच, तर घरच्याच्या विरुद्ध द्यावं."

"मग बोलायचं ना तेव्हा! मी माइकवर इतकं बोललो. एका शब्दानं सांगायचंत, दिसत नाय म्हणून."

बाबा रिमोट चाचपत राहिले. "विकला बोलतात ते एक दिवस विसरतील. आंधळा बोलले तर आमच्याकडं कोण येल, शेठ निवाडा करा म्हणून?"

मी आत गेले आणि नळ सोडून रडले. आणि चिडले पण! काय माणूस आहे! गाडी चालवत होते की हे गेल्या महिन्यापर्यंत!

१६ फेब्रुवारी, रविवार

आता कळतंय. कॉमेडी का — तर सगळं कानांवर चालतं. कोणी पडलं की मशीन हसतं, म्हणजे काहीतरी झालं. माझ्या पिक्चरमध्ये बिचाऱ्यांना काय? ना आवाज, ना नदी.

हृतिक बाजूला बसून सांगत होता, "आता तो साडी नेसून आलाय. आता पडला." अगदी गंभीरपणे, बातम्या वाचल्यासारखं.

सांगणाऱ्याचं तोंड उतरलेलं. समजू शकते मी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. हृतिकने सुट्टी घेतली, ड्रॉप्स तोच घालतो. सासूबाईंनी फोनवर आधी दोघांना शिव्या दिल्या, मग रडल्या.

आज डॉक्टरांनी थोडा वेळ टीव्हीची परवानगी दिली. बाबांनी हौसेने कॉमेडी लावली. काळा चष्मा वर करून बघितलं. टक लावून बघितलं.

"हे भिकार आमी बघत होतो?"

"रोज," मी म्हटलं.

"आणि ही बाई नाय, बाप्या हाय?"

अरे देवा!

१ मार्च, शनिवार

सकाळी हृतिक ओट्याशी येऊन उभा राहिला. चहा गार झाला तरी हलेना. मग हळूच म्हणाला, "अंकिता, मी आऊट होतो. बॅट क्रीजच्या बाहेर होती. मला तेव्हाच माहीत होतं."

माझ्या हातून चिमटा पडला.

"मग माइकवर ते...?"

"हरलो होतो. सगळे बघत होते."

मी हॉलकडे बोट केलं फक्त. त्याने गार चहाचा कप ओट्यावर ठेवला. मग गेला.

हॉलमधला टीव्ही बंद झाला.