देवाला नको असलेलं छत

धारूर, रविवार

तीर्थरूप आईस,

मृदुलाचा वाकून नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. माझी छोटी संस्कृती तुला फार छळत नाही ना?

जुन्या देवळांची चित्रं काढायला, त्यांच्या गोष्टी ऐकायला ऑफिसातून रजा घेऊन आले, आणि इथल्या एका देवळाने माझं डोकं उठवलंय. त्याला छतच नाही. दर्शनाच्या रांगेत बायका उन्हाने चक्कर येऊन पडतात, म्हणून मी हौसेने छताचा नकाशा काढून दिला. गावाने देवाला कौल लावला. मूर्तीला चिकटवलेलं फूल डावीकडे पडलं, म्हणजे नकार. मी नकाशा बदलला. फूल पुन्हा डावीकडेच.

"त्याला आभाळ लागतंय, बाई. आमी तरी काय करावं?" झाडलोट करणाऱ्या तुळजाबाई पदराने घाम पुसत म्हणाल्या.

शेवटी वैतागून मी गाभारा उघडाच ठेवला आणि फक्त समोरच्या अंगणावर पत्रे दाखवले. म्हटलं, "लावा आता कौल."

"कावून? ही सावली आमाला हाय. त्याला कशाला इचारायचं?" असं म्हणून त्या खांबांच्या जागा दाखवायला उठल्यासुद्धा.

तेव्हा खांब उभे राहीपर्यंत मी इथेच आहे. तू रागावशील, हे ठाऊक असूनच लिहिते आहे.

तुझी,
मृदुला