काळा कागद आणि निळी माळ

कांजूरमार्ग, रविवार

प्रिय द्रौपदीआत्या,

जय भीम. गुडघा कसा आहे? माझी तब्येत ठीक आहे, फक्त जेवण जात नाही. फोनवर तू मधेच हसतेस, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. चष्मा लावून वाच.

माझं काम तुला ठाऊक आहे (शेजाऱ्यांना तू मी डॉक्टर असल्याचं सांगतेस, ते वेगळं). सूक्ष्मदर्शकातून जिवंत पेशी पाहायला प्रकाश लागतो, आणि त्याच प्रकाशाने त्या मरतात. किती मरतात, ते मी मोजतो. एक डिश प्रकाशात, दुसरी तुलनेसाठी उबदार कपाटात, अंधारात. कपाटाच्या काचेला मी काळा कागद लावला होता. दसऱ्याला आपण दोघं दीक्षाभूमीवर होतो, तेव्हा इकडे यंत्रांची पूजा झाली. सणाला काळं नको, म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख शर्मिष्ठा मॅडमनी स्वतःच्या हाताने कागद काढला आणि तिथे दिव्यांची माळ लावली. निळ्या दिव्यांची (निळा प्रकाश पेशींना फार वाईट, हे मला मॅडमनीच शिकवलं). माळ सुट्टीभर चालू राहिली. मी परतायच्या आत आमच्या तंत्रज्ञाने, हर्षदने, ती उतरवून कागद जागच्या जागी लावला.

दोन्ही डिशमधल्या पेशी सारख्याच मेल्या. मॅडम खूश. अंधारातल्याही मेल्या, म्हणजे आपला प्रकाश निर्दोष. उद्या प्रकल्प तपासणाऱ्या समितीसमोर त्या हेच सांगणार. पण प्रयोगशाळेच्या ग्रुपवर पूजेचा फोटो आहे. त्यात माळ आहे, कागद नाही. म्हणजे दुसरी डिश अंधारात नव्हतीच. मी तो इतका मोठा करून पाहिलाय की मॅडमचे दात मला पाठ झालेत.

हर्षदला विचारलं. तो म्हणाला, "गप बस रे. तुमच्या पूजेने पेशी मेल्या, असं मॅडमना सांगणार? आणि सांगणार कोण, तर तू? पूजेला नव्हतास ना, त्यांना तेवढंच दिसेल." माझ्या नोकरीची मुदतवाढ मॅडमच्या सहीवर आहे. गप्प राहिलो तर त्या खोट्या निष्कर्षाखाली माझंही नाव असेल. आरशासमोर सराव केला. आरशातला माणूस माफी मागून मोकळा झाला (कशाबद्दल, ते त्यालाही सांगता आलं नाही).

तुझा,
प्रितम

ता. क. उद्या सकाळी मॅडमना फोन करून मला ताप आहे असं सांगशील? तुझ्या आवाजाला कुणी उलट विचारत नाही.

ता. क. पुन्हा. फोन करू नकोस. मी पूजेचा तो फोटो मॅडमना पाठवला, काचेभोवती लाल गोल काढून. उत्तर आलं, "उद्या लवकर ये." मग त्या बराच वेळ काहीतरी टाइप करत होत्या. मग थांबल्या. आत्या, तूही ये, लोकलने अर्धा तासच लागतो. आत नको, गेटपाशी उभी राहा. म्हणजे मला परत पळता येणार नाही.