भाऊबीजेला मी वाचून दाखवलेला कागद

कासार आंबोली,
१२ डिसेंबर २०१०

प्रिय नलू,

तू फोन उचलत नाहीस, आणि बरोबरच करतेस. मीही उचलला नसता. म्हणून हे पत्र. शेजारच्या बंगल्यातली शनिवार-रविवारची मंडळी सकाळपासून गाणी लावून बसली आहेत. दोनदा जाऊन झापून आले. लोकांना झापायला माझी जीभ किती तत्पर असते, ते तुला मी सांगायला नको.

तुझ्या दादाच्या पोटातलं पाणी परवा पुन्हा काढलं. जेवण दोन घास. डॉक्टर आता महिन्यांत बोलत नाहीत, आठवड्यांत बोलतात. कालपर्यंत रोज विचारायचा, नलू का येत नाही. मी सांगायचे, तिचे गुडघे धरलेत.

भाऊबीजेला तो आत अंघोळ करत होता, आणि तू नाशिकहून येऊन ओवाळणीचं तबक लावत होतीस. कॅन्सर परतल्याचं आदल्याच आठवड्यात कळलं होतं. तुझ्या लिव्हरचा तुकडा त्याला बसवला, त्या ऑपरेशनच्या वेळी जनुकांच्या अभ्यासासाठी तुम्हा दोघांचं रक्त घेतलं होतं, तेव्हापासून डोक्यात होतं म्हणून मी त्याच विषयावरचा एक लेख मिळवला. लिव्हर देणाऱ्याच्या जनुकांत अमुक एक फरक असेल तर रोग परतण्याचा धोका जास्त दिसतो, असं त्यात होतं. मी इंग्रजी वाचत गेले, तुला मराठीत सांगत गेले आणि शेवटी म्हणाले, “ओवाळतेस काय? तुझ्याच लिव्हरनं आणलाय तो परत.” तू तबक तसंच ठेवून गेलीस. स्वयंपाकाच्या रंभाबाईनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, “भनीनं पोट फाडून दिलं, अन् तुमी तिला कागुद वाचून दावताय व्हय? लई शिकलायसा, बाई.” मी तिलाही गप्प केलं. दादाला सांगितलं, तुला घरून तातडीचा फोन आला.

तो लेख मी पुरता वाचलाच नव्हता, नलू. वरचा सारांश तेवढा वाचला. कॉन्व्हेंटच्या नन्सनी शिकवलेली मी. तीस वर्षं तुझ्या मराठी शाळेवरून तुला टोमणे मारणारी. मागच्या मंगळवारी तोच कागद डॉक्टरांपुढे आपटला. ही तपासणी आधी का केली नाहीत म्हणून फाडफाड बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, हा शे-दीडशे रुग्णांचा अभ्यास आहे, एका माणसाबद्दल त्यातून काही ठरत नाही. असा फरक कितीतरी जणांत असतो, आणि त्यांचं लिव्हर मिळालेले कितीतरी लोक ठणठणीत आहेत. तुझ्या रक्ताची ती तपासणी तर अजून झालेलीच नाही. मग त्यांनी जुनी फाइल उघडली आणि विचारलं, गाठ लहान होती तेव्हाच बहीण तयार होती, तर पाच महिने थांबलात कशाला? तेवढ्या वेळात ती गाठ बारीक रक्तवाहिन्यांत शिरली होती, आणि रोग बहुधा परततो तो त्यातूनच.

का थांबलो, ते तुला माहीत नाही. पहिल्याच आठवड्यात तू म्हणालीस, माझं घ्या. तुला मी सांगितलं, डॉक्टर मृत दात्याच्या लिव्हरची वाट पाहायला सांगतायत. दादाला सांगितलं, नलूच्या घरचे तयार नाहीत. दोन्ही खोटं. जिला जन्मभर कमी लेखलं, तिचे उपकार मला नको होते. अगदीच इलाज उरला नाही, तेव्हा तुला बोलावलं. काल तो म्हणाला, “नलूला आग्रह करू नकोस. तिनं दिलेलं वाया गेलं, तिला बघवत नसेल.” तेव्हा मात्र मी सगळं सांगून टाकलं. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, “मला काय सांगतेस? तिला लिही.” तेव्हापासून औषधही रंभाबाईच्याच हातून घेतो. तू येशील त्या दिवशी मी रंभाबाईच्या घरी जाऊन बसेन. माझं तोंड तुला बघावं लागणार नाही. पण ये, आणि याच आठवड्यात ये.

तुझीच,
वहिनी