कलकत्त्याला सापडलेली चोपडी

राहुरी, मंगळवार, सांज

नातीला कलकत्त्याला जाऊन नेमकं माझंच पाप उकरायचं हुतं. देशात छापलेलं पुस्तक तिथल्या मोठ्या सरकारी लायब्ररीत जपतात म्हणे. तिथं तिला ह्यांच्या भीमगीतांची चोपडी मिळाली. छापखानेवाल्यानं तवाच एक प्रत धाडलेली. फोनवर म्हणाली, "आजी, आपल्या घरातल्या प्रती कुठं गेल्या गं?"

"वाळवीनं खाल्ल्या," म्हणलं मी.

कसली वाळवी? ट्रंकभर चोपड्या मीच चुलीत घातल्या. मला वाचता येत हुतं, अडाणीपणानं न्हाई जाळल्या. हे मला घरी टाकून गावोगाव गात फिरायचे, त्याचा राग. ह्यांनी नुसतं राखेकडं पाह्यलं. परक्यांनी जपली अन् बायकोनं जाळली.

रविवारी नात येऊन परत विचारंल. सुनंला समदं ठावं हाय, ती मला झाकायला बघंल. पर सुनंनं तोंड उघडायचं न्हाई. खरं उत्तर मीच देणार.