न पाठवलेला राजीनामा

मंगळवार, संध्याकाळ. मुलुंड.

दर सोमवारी मी ऑफिसच्या मेलवर राजीनामा लिहिते, त्यात साहेबांचा यथेच्छ उद्धार करते आणि न पाठवता खोडून टाकते. बीपीच्या गोळीपेक्षा स्वस्त. काल गडबडीत राहून गेला.

आज लिफ्टमध्ये एचआरची शुभदा हळूच म्हणाली, "काल काही लिहिलं नाहीस गं? बरी आहेस ना?"

तशीच आयटीतल्या परबकडे गेले. "खोडलेलं पण सर्व्हरवर राहतं, ताई. वरचे वाचतात ना!"

म्हणजे साहेब ते सगळं वाचून रोज मला गुड मॉर्निंग म्हणतात? तेही हसून?

नोकरी तर हवीच आहे. मग येत्या सोमवारी राजीनामा लिहावाच लागणार. नाही लिहिला, तर त्यांना वाटेल, ही आता खरंच चालली.