कानाने निवडलेला स्मोकर

२ फेब्रुवारी, रविवार

कालच्या बकऱ्याच्या फऱ्याला खरा खर्च किती आला, तो एकदा लिहूनच ठेवतो. लाकडाचं अख्खं पोतं. एक चांगला शर्ट. उजवी भुवई, अर्धी. माझी झोप. आणि हिचं बोलणं, जे कालपासून बंद आहे. एवढं घालून हाती काय आलं? वरून कोळसा, आतून कच्चा! त्या बकऱ्याने जिवंतपणी कुणाला एवढा त्रास दिला नसेल.

दोष ड्रमचा. ऑइलचा जुना ड्रम आडवा कापून आमच्याच वर्कशॉपमध्ये बनवला होता. दिसायला झकास. पण धुरावर मांस शिजवायचं म्हणजे आच मंद हवी आणि दिवसभर एकसारखी हवी. ड्रमला ते मान्य नाही. लाकूड टाकलं की भडकतो, पाठ फिरवली की विझतो. शेजारी खुर्ची टाकून मेहुणा बसलेला. स्वतः काडी उचलणार नाही. "दाजी, आच पडली. दाजी, झाकण उघडू नका. दाजी, उघडा, उघडा!"

संध्याकाळी ही शेवटी बोलली. "एक तर ते पिंप ह्या घरात राहील, नाहीतर मी."

म्हटलं, "विचार करायला थोडा वेळ दे."

हसली! सुटलो.

३ फेब्रुवारी, सोमवार

वर्कशॉपमध्ये थोरलीने सकाळी सकाळी माझ्यापुढे एक छापील पुस्तिका सरकवली. बेअरिंग तपासायचं यंत्र. पंपाला टेकवायचं, ते आकडा दाखवतं, आकडा सांगतो बेअरिंग चांगलं की वाईट.

मी विचारलं, "आणि मी काय सांगायचं?"

तिने पुस्तिका आणखी पुढे सरकवली.

ह्या वर्कशॉपात मी झाडू मारायला लागलो होतो. आज दारावर माझी पाटी आहे. ती कशाच्या जोरावर? मोटारीचं बाइंडिंग कुणीही शिकतं. पण दुरुस्त झालेला पंप चालू केला, डोळे मिटले आणि नुसत्या आवाजावरून बुश ढिला की शाफ्ट वाकडा ते सांगितलं, असा दुसरा माणूस अजून मला भेटलेला नाही. मी ऐकतो, मग खडूने पंपावर खूण करतो. खूण नाही तर पंप फाटकाबाहेर नाही. कारभार सगळा थोरलीकडे दिला, चेकबुकसुद्धा. खडू तेवढा माझ्या खिशात ठेवलाय.

ती म्हणते लाँड्रीवाल्याचा पंप बेअरिंग जाऊन परत आला. त्याच्या आधी हॉटेलवाल्याचा. दोन्हींवर माझी खूण होती.

"पाणी नसताना चालवला असणार त्यांनी!"

"दोघांनीही, बाबा?"

वकील व्हायची ही पोरगी. चुकून इंजिनियर झाली.

दुपारी जेवताना मात्र पैज लागली! मी म्हटलं नवा स्मोकर घेतोय, धुरावर मांस शिजवायचं तयार यंत्र, ज्याला हात लावावा लागत नाही असा. ती म्हणाली, "घ्या ना. तोही कानानेच निवडा! दिवसभर बिनतक्रार चालला तर यंत्राचं नाव काढणार नाही. नाही चालला तर खडू माझा."

सगळे कामगार डबे बाजूला ठेवून ऐकत होते. आता माघार कसली! म्हटलं, कबूल. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सगळे जेवायला या.

५ फेब्रुवारी, बुधवार

मेहुण्याची शिकवणी. त्याने फोनवर इतके व्हिडिओ पाहिलेत की बकरं त्याला पाहून आपण होऊन मसाला लावून घेईल.

कोळशाचा — चव उत्तम, पण राख काढा, कोळसा भरा, हवेचं भोक कमी-जास्त करत बसा. गॅसचा — आच सांभाळायला सोपा, पण लाकडाचे तुकडे आपणच घालत राहायचे. विजेचा — बटण दाबा आणि विसरा, पण धूर उदबत्तीएवढा. आणि मग लाकडाच्या गोळ्यांचा. पेटीत गोळ्या भरायच्या. खाली छोटी मोटार स्क्रू फिरवते, गोळ्या थोड्या थोड्या आगीत ढकलते, पंखा वारा घालतो, आच आपोआप सांभाळली जाते. हे ऐकताना माझा चेहरा बघून मेहुणा दुखावला.

"दाजी, तो आळशी माणसाचा स्मोकर. धुरावर शिजवणं म्हणजे साधना असते."

"तुझी साधना माझ्या भुवईवर झाली," मी म्हटलं.

मोटार! पंखा! अरे, हे तर माझंच खातं!

८ फेब्रुवारी, शनिवार

घेतला!!

दुकान भलं मोठं. टाय लावलेला सेल्समन मला रंग दाखवायला लागला. म्हटलं रंग राहू दे, गोळ्यांचे जेवढे आहेत तेवढे सगळे चालू कर. एकापाठोपाठ एक.

मी डोळे मिटून उभा. आजूबाजूची गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. एका बाईंनी नवऱ्याला विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "ह्यांना बरं वाटत नाहीये का?" बाई, ह्यांना फार बरं वाटतंय!

पहिला — स्क्रूची मोटार गुरगुरते. दुसरा — पंख्याचं पातं पत्र्याला घासतं, घरघर घरघर. तिसरा सगळाच थडथडतो, त्यावर ठेवलेलं मांस चालत खाली येईल. आणि चौथा! काळा, कोपऱ्यातला. चालू केला आणि — काही नाही. लोण्यातून सुरी फिरावी तसा. पंख्याचं तोंड बोटाने चाचपलं तेव्हा वारा लागला, एरवी चालू आहे हेही कळलं नसतं.

"हा," मी म्हटलं.

सेल्समन माझ्याकडे बघतच राहिला. "हा, काका? नक्की? हा डिस्प्लेचा पीस आहे. सहा महिने इथे दिवसभर चालू असतो. ह्याचा आवाज—"

"आवाज मला शिकवू नका!"

म्हणाला, दुसरा पेटीबंद देतो. नको म्हटलं, हाच. मग किमतीवर आलो. मी तोंड उघडलं न उघडलं तोच त्याने निम्म्यावर आणली! घासाघीस करायला गेलो होतो कंबर कसून, कंबर तशीच राहिली. माझी पारख बघून बिचारा गारद झाला असणार. वर गोळ्यांची एक पिशवी फुकट.

अंगावर मूठभर मांस चढलं. शिजवायच्या आधीच!

९ फेब्रुवारी, रविवार

रिकामा चालवून पाहिला. पाच मिनिटांत आच जागेवर, आणि तिथून ढळली नाही. मी खुर्चीत. पाय स्टुलावर.

हिने स्वयंपाकघराची खिडकी धाडकन लावली. मग पुन्हा उघडून विचारलं, "अहो, हे असंच चालणार का दिवसभर?"

"दिवसभर! हात लावायला नको!"

तिने पुन्हा खिडकी लावली. ड्रम गेला ह्याचाच तिला एवढा आनंद आहे की बाकी कशाबद्दल बोलणार नाही म्हणाली.

शेजारच्या नर्सबाईंच्या कुत्र्याने भिंतीपलीकडे गळा काढला. आत मांस नसताना! त्याला पुढच्या रविवारचं आत्ताच कळलं. नर्सबाईंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, काय चालू केलंय. म्हटलं, पुढच्या रविवारी जेवायलाच या, कुत्र्यालाही आणा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

खाटकाकडे तीन फरे सांगून ठेवले. थोरली आज माझ्यासमोर ती पुस्तिका उगाचच चाळत होती. मीही उगाचच शीळ घातली.

१६ फेब्रुवारी, रविवार

काय दिवस गेला! कुठून सुरुवात करू?

पहाटे फऱ्यांना मीठ, मिरपूड आणि थोडी साखर चोळली, आत ठेवले, झाकण लावलं, बटण दाबलं. संपलं माझं काम. आंघोळ केली. पेपर वाचला. पेपरातल्या जाहिराती वाचल्या. आयुष्यात पहिल्यांदा शब्दकोडं पूर्ण सोडवलं. मध्ये मध्ये जाऊन स्मोकरला नुसतं बघून यायचो, झोपलेल्या बाळाला बघावं तसं.

दुपारी मेहुणा आला. फाटकातच थबकला. "दाजी, हा आवाज—"

"ऐकलास? म्हणजे, ऐकायला काही आहे का? नाहीच! मुंगीची पावलं ऐकू येतील इथे!"

मेहुणा हसायला लागला तो थांबेचना. खाली बसला, डोळे पुसले. "मानलं दाजी तुम्हाला! मानलं!" एरवी सहजासहजी हार मानणारा गडी नव्हे. मोठ्या मनाचा निघाला.

मग कामगार आले. मी प्रत्येकाला स्मोकरपाशी नेलं आणि म्हटलं, "शांतता ऐका!" प्रत्येक जण खो खो हसला. वेल्डर तर म्हणाला, "शेठ, तुमच्यासारखा तुम्हीच!" माझ्या विनोदांना एवढं यश कधी मिळालं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही. खुर्च्या मात्र सगळ्यांनी उचलून अंगणाच्या त्या टोकाला नेल्या, धूर लागतो म्हणे, आणि कुणीतरी रेडिओ मोठा केला. लावू दे. मजा करायलाच आले होते.

थोरली सगळ्यांत शेवटी आली. स्मोकरजवळ गेली, पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा, हा सकाळपासून असा चालू आहे?"

"सूर्य उगवायच्या आधीपासून! आणि शांतता ऐक जरा!"

तीच एकटी हसली नाही. हरल्यावर कोण हसतं?

माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. बाकी सगळे तिकडे लांब, आणि ही तिथेच बसून राहिली. यंत्राबद्दल चकार शब्द नाही, पैजेबद्दल नाही. विचारत राहिली ते भलतंच. पहाटे पक्ष्यांनी जाग येते का. आईच्या कुकरची शिट्टी वरच्या खोलीत ऐकू येते का. मी म्हटलं, शिट्ट्या मोजायचं काम मी तुझ्या आईवर सोपवलंय. पलीकडे बसलेल्या नर्सबाईही आमच्याकडेच बघत होत्या. खाण्यात लक्ष नाही.

खाणं! झाकण उघडलं तेव्हा रेडिओसुद्धा कुणीतरी बंद केला. फऱ्याचं हाड धरून ओढलं, नुसतं निघून हातात आलं, पुसल्यासारखं स्वच्छ. मांसावर काळसर तांबूस साल, आत रसच रस. सुरी आणलेली, तिला काम उरलं नाही. वेल्डर तीनदा घ्यायला आला आणि तिन्ही वेळा म्हणाला की हे पहिल्यांदाच घेतोय. हिने स्वतःच्या हाताने माझ्या ताटात वाढलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आळशी स्मोकरने इज्जत राखली." मेहुण्याने बोटं चाटत कबूल केलं की साधना थोडी कमी केली तरी चालेल.

मी उभा राहून भाषण केलं. सांगितलं की हे यंत्र रंग बघून घेतलेलं नाही, किंमत बघून नाही. ह्या दोन कानांनी घेतलंय! जोवर हे कान आहेत तोवर आपल्या वर्कशॉपला दुसऱ्या कुठल्या यंत्राची गरज नाही! टाळ्या!! मेहुणा पुन्हा पोट धरून हसला.

खडू खिशात आहे. आत्ता चाचपून पाहिला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

थोरली केबिनमध्ये आली, दार लावलं. म्हटलं, आली शरण.

म्हणाली, "फरा उत्तमच झाला होता, बाबा. यंत्र आत्ता घेत नाही. पण एक माझं ऐका. कान तपासून घेऊ या. नर्सबाईंच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई आहेत."

"कशाला?"

दार नीट लागलंय का ते तिने बघितलं. मग म्हणाली, "काल मला वाटलं की घ्यावेत तपासून. माझ्यासाठी चला."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! चल, म्हटलं, आजच वेळ घे! डॉक्टरांचा अहवाल घेऊ, सहीशिक्क्याचा. फ्रेम करू. टेस्टिंगच्या टेबलाच्या वर लावू, गिऱ्हाइकाला पहिल्यांदा तेच दिसलं पाहिजे. असं प्रमाणपत्र दुसऱ्या कुठल्या पंपवाल्याकडे आहे?

ती माझ्या टेबलावरचे कागद सारखे करत राहिली, ते आधीच सारखे होते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शुक्रवारची वेळ मिळाली. फ्रेमवाल्याकडे जाऊन आलो. सागवानी पट्टी पसंत केली, आत सोनेरी कड. मेहुण्याला फोनवर सांगितलं, तर त्याला वाटलं हाही विनोद. हसला, मग मध्येच थांबला. "दाजी," म्हणाला, "रविवारी तुम्ही खरंच—" आणि दुसराच विषय काढला. हेवा, दुसरं काय!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन्ही कानांतले बारीक आवाज गेले आहेत. बोलणं ऐकू येतं, घरघर ऐकू येते, उंच सूर ऐकू येत नाहीत. कधीपासून? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरीच वर्षं झाली असणार, मोटारींच्या शेजारी उभं राहून असंच होतं.

घरी आल्यावर मीच थोरलीला म्हटलं, स्मोकर चालू कर. तिने केला. हिने दोन्ही हात कानांवर दाबले. नर्सबाईंच्या भिंतीपलीकडे कुत्र्याने गळा काढला. मी वाकून जाळीतून आत पाहिलं. पंखा फिरत होता.