नासपतीवरचा गुलाब आणि एडविनची खिडकी

मी, डॉर्कस एलन प्रॉबर्ट, वय एकाहत्तर, अविवाहित, पूर्वी गावची पोस्टमास्तरीण, राहणार वेल कॉटेज, हॉपली, परगणा श्रॉपशर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहून ठेवते. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी पाहिलं आहे; भीती मात्र वाटते आहे. शुक्रवारी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मला इस्पितळात जायचं आहे. भीती त्या सुरीची कमी, माझ्यामागे उभ्या राहणाऱ्या झाडाची जास्त.

कलम १. वडिलांनी हे घर आम्हा दोघा भावंडांच्या नावे केलं होतं. माझा अर्धा हिस्सा धाकटा भाऊ एडविन याला मिळावा. दफनाचा खर्च वजा जाता बँकेतली शिल्लकही त्यालाच. त्याने हिवाळ्यात कोळशाची काटकसर करू नये, ही विनंती समजावी, अट नव्हे. अटी घातल्या की तो मुद्दाम उलट करतो.

कलम २. शिवणयंत्र चुलतभावाची मुलगी हेस्टर हिला द्यावं. ती ते विकणार हे मला ठाऊक आहे; निदान माझ्या डोळ्यांदेखत तरी नाही.

कलम ३. लांब शिडी आणि मोठी कात्री चर्चच्या बागेसाठी द्यावी. कोणत्याही परिस्थितीत शिडी एडविनच्या हाती लागू नये. अडुसष्टाव्या वर्षी तो तीवर चढेल आणि वर चढल्यावर त्याला आठवेल की आपल्या अधू डोळ्यांना खालचं दिसत नाही.

कलम ४. घराच्या पूर्वेची जमिनीची पट्टी मी माझ्या पगारातून घेतली आहे व ती माझ्या एकटीच्या मालकीची आहे. ती शेजारी रूबेन बेडोज याला देण्यात यावी. अट एकच: माझ्या दफनानंतर महिन्याच्या आत त्याने तीवरचं नासपतीचं झाड पाडावं.

हे वाचून गाव तोंडात बोट घालेल. बेडोजचं आणि माझं विळ्याभोपळ्याचं सख्य. आमच्या गुलाबाची फांदी कुंपणापलीकडे गेली की तो ती छाटतो आणि नेमकी माझ्या कोबीवर फेकतो. फुलांच्या प्रदर्शनात सगळ्यांसमोर म्हणाला होता, “हा गुलाब कसला, हे तर माजलेलं रान!” पण त्याच्या हाताला करवतीची सवय आहे आणि एडविनचा राग त्याला बाधत नाही. मला बाधतो.

त्या नासपतीवर चढलेला पांढरा गुलाब एडविनच्या बायकोनं, ऑलिव्हनं, लग्नाच्या वर्षी लावला. तेव्हा ती पेन्सिलीएवढी काडी होती. ऑलिव्ह दोन वर्षांत गेली, आणि गुलाब मात्र वाढतच राहिला. झाडाचा शेंडा गाठून तो एडविनच्या खिडकीवर उतरला. जूनअखेर फुलतो तेव्हा झाड दिसतच नाही, आणि खोटं कशाला बोलू, डोळ्यांचं पारणं फिटतं.

पण आतली नासपती मेलेली आहे. फळ येणं केव्हाच थांबलं. बुंध्याशी मधाच्या रंगाची भूछत्रं उगवतात आणि बोटानं टोकरलं तर लाकडाचा भुगा पडतो. पावसात भिजलेला गुलाब किती जड होतो ते मी हातानं उचलून पाहिलं आहे. ते सगळं ओझं त्या पोकळ खांबावर, आणि खाली एडविनचा पलंग. वारा सुटला की मी भिंतीला कान लावून त्याचं घोरणं ऐकते.

मी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, “झाड हिरवंगार आहे की! तुला मेलेलं कुठं दिसतंय?”

“ती पानं गुलाबाची आहेत, एडविन. नासपतीचं एक पान दाखव.”

“तुला सगळंच मेलेलं दिसतं. त्याला करवत लागली ना, तर या घरातलं माझं अन्नपाणी संपलं, सांगून ठेवतो.”

खोलीही तो बदलत नाही. ऑलिव्ह गेली तेव्हा त्यानं खरंच अन्न सोडलं होतं. चमच्यानं सूप पाजून मी त्याला जगवलं. म्हणून गप्प बसले. मी गेल्यावर तो मला हव्या तेवढ्या शिव्या देवो, जिवंत राहून देवो.

इथवर लिहून मी साक्षीसाठी बोलावलेल्या नर्स गॉफबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“म्हणजे तुम्ही मेलात तर झाड पडणार,” त्या म्हणाल्या. “आणि मिस प्रॉबर्ट, तुम्ही जगलात तर?”

मी वाचले तर झाडही तसंच राहणार होतं, आणि त्याखाली माझा भाऊ. जे करायला मी घाबरत होते ते मी मरणावर ढकललं होतं.

एडविन आज बाजाराला गेला आहे, चारच्या बसनं येईल. मी गॉफबाईंना कुंपणापाशी पाठवलं. बेडोज चिखलाच्या बुटांनिशी थेट गालिच्यावर आला. सगळं ऐकून त्यानं टोपी काढली.

“गुलाब आधी उतरवतो, मग दोर लावून झाड. गुलाबाच्या मुळाशी गुडघाभर फांद्या ठेवतो. हा मरायचा नाही, बाई.”

“आणि एडविन?”

“तो तुमचा प्रश्न. मी त्याच्याशी बोललो तर मारामारी होईल.”

कलम ५. सबब कलम ४ रद्द समजावं. झाड आज पडणार असल्यानं पूर्वेची पट्टी, मुळाशी राखलेल्या गुलाबासह, एडविनलाच मिळावी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. बेडोजला आता काही मिळत नाही, म्हणून तोच साक्षीदार.

एडविननं मला यापुढे कधीच क्षमा केली नाही, तरी या मृत्युपत्रातला एकही शब्द मी बदलणार नाही. सह्या होताच करवत सुरू होईल. चारला मी बसथांब्यावर उभी राहीन. मला फार भीती वाटते आहे, पण हे त्याला माझ्याच तोंडून कळायला हवं.

हे मृत्युपत्र वाचून, समजून मी त्यावर दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

ठिकाण: वेल कॉटेज, हॉपली
बुधवार, ११ सप्टेंबर १९७४

सही: डॉर्कस एलन प्रॉबर्ट

साक्षीदार:
१. मार्गरी गॉफ, परिचारिका
२. रूबेन बेडोज, शेजारी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. बसथांब्यावर त्यांनी एकटीनं जाऊ नये असं मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.